चाकातून घूं आवाज येतोय? बेअरिंग टाकण्याआधी एवढं बघा

गाडी पन्नाशीच्या पुढं गेली की खालून घूं सुरू होतं, वेग वाढेल तसा आवाज चढतो आणि नेमका कुठल्या बाजूनं येतोय तेच कळत नाही. ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदानही सोबतच आणतो. “मिस्त्री, पुढचं डावं बेअरिंग गेलंय, तेवढं टाकून द्या.” कुणी सांगितलं? मेहुण्यानं. मेहुण्याच्या गाडीला तसाच आवाज होता.

माझं काम सांगली-मिरज रस्त्यावर. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं, आणि चाकाखालची कामं. इंजिनाला मी हात लावत नाही. त्यामुळं बेअरिंग, म्हणजे चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते, बदलून झालंय, पैसे देऊन झालेत आणि आवाज जिथल्या तिथं आहे, अशा गाड्या फिरून फिरून आमच्या रॅम्पवर येतात. त्यातल्या बऱ्याच जणींचं दुखणं टायरमध्ये निघतं. टायरची नक्षी शिल्लक असते, बाहेरून तो ठणठणीत दिसतो, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशयच जात नाही.

नुसता आवाज ऐकून मीसुद्धा छातीठोक सांगत नाही. वेडावाकडा घासलेला टायर घूं करतो, बेअरिंगही घूं करतं, आणि दोन्ही आवाज वेगाबरोबर चढतात. आवाज कसा आहे यात अडकू नका. तो कशानं बदलतो ते शोधा: रस्ता बदलल्यावर, वळल्यावर, रेस सोडल्यावर, ब्रेकला पाय लावल्यावर की चाकांची अदलाबदल केल्यावर. एवढं तुम्ही स्वतः बघून आलात की निम्मं काम झालेलं असतं, आणि तुम्हाला उगाच खर्चात पाडायला गॅरेजवाल्यालाही फारशी जागा उरत नाही.

निघायच्या आधी

सकाळी टायर थंड असताना चारही चाकांची हवा तपासा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेलं असतं. हवा भरणारा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, त्याच्यावर जाऊ नका. मग पाना घेऊन चाकांचे नट बघा, त्यातही नुकतंच पंक्चर काढलं असेल ते चाक आधी. सैल नटाचा आवाज घूं नसतो, खडखड असतो. पण गाडी वेगात न्यायची आहे, तर चाक घट्ट आहे एवढं बघूनच निघावं.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या टायरची आतली बाजूही दिसते. कुठं फुगा आला असेल, आतले तार दिसत असतील, तर चाचणी तिथंच थांबवा आणि स्टेपनी लावा. नक्षीत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरनं काढून टाका.

टपावर कॅरिअर असेल तर तो उतरवा. हसू नका. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांवरून वारा जाताना हुबेहूब असाच घूं होतो, आणि आत बसलेल्याला तो खालून आल्यासारखा वाटतो. उतरवता येत नसेल तर पुढच्या दांडीला सुतळी किंवा दोरी लांब लांब वेटोळ्यांनी गुंडाळून बघा. वाऱ्याचा आवाज असेल तर एवढ्यानंच तो पडतो.

रस्त्यावर

एकट्यानं जाऊ नका. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. रेडिओ बंद, ब्लोअर बंद, काचा वर. चाचणीला कुपवाड एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी चांगले असतात, रुंद आणि रिकामे. हायवेवर हे उद्योग करू नका, विशेषतः वळवून बघायचा भाग.

पहिली परीक्षा रस्त्याची. आपल्याकडं आता एकाच फेरीत नवं गुळगुळीत डांबर, खडी उघडी पडलेलं जुनं डांबर आणि सिमेंट असं सगळं लागतं. त्या तिन्हींवरून एकाच वेगानं गाडी न्या. डांबर गुळगुळीत लागलं की आवाज एकदम बसला आणि सिमेंटवर पुन्हा उठला, तर बोट टायरकडं जातं. रस्ता कुठलाही असो, आवाजाचा सूर तोच राहिला, उलट गुळगुळीत डांबरावर तो जास्त स्पष्ट ऐकू आला, तर बेअरिंगचा संशय बळावतो. आणि आवाज फक्त सिमेंटवरच येत असेल तर सरळ घरी जा. पकड मिळावी म्हणून सिमेंटच्या रस्त्याला बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यावर नवा कोरा टायरसुद्धा गातो.

दुसरी परीक्षा वळणाची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर. रिकामा सरळ रस्ता, पुढं-मागं कुणी नाही, वेग पन्नासच्या आसपास. स्टिअरिंग हळूच डावीकडं द्या, मग हळूच उजवीकडं. झटका नाही, गाडी नुसती झुकली पाहिजे. गाडी डावीकडं वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर जातो. म्हणून डावीकडं वळताना घूं वाढला आणि उजवीकडं वळताना कमी झाला किंवा गेला, तर उजव्या बाजूचं बेअरिंग बघायचं. उजवीकडं वळताना वाढला तर डाव्या बाजूचं. हे डोक्यात उलटं बसतं आणि चांगलं बेअरिंग काढून फेकलं जातं, तेव्हा गाडीतच मोबाईलवर लिहून ठेवा: कुठल्या बाजूला वळल्यावर वाढला.

चौकातल्या सर्कलला गोल गोल फिरूनही हे कळतं, पण अर्धंच. आपल्याकडं सर्कल उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतं, म्हणजे गाडी सतत उजवीकडं वळते आणि परीक्षा फक्त डाव्या चाकांची होते. दुसऱ्या बाजूसाठी मोकळं मैदानच लागतं.

ही परीक्षा पक्की असली तरी शंभर टक्के नाही. हल्लीच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात. कुठली ओळ खराब झाली त्यावर कधी कधी उत्तर फिरतं. टायरचा आवाजही वळताना थोडा खालीवर होतो, पण वळल्याबरोबर बटण बंद केल्यासारखा जात नाही.

तिसरी परीक्षा रेस सोडायची. साठच्या वेगात क्लच दाबा किंवा गिअर न्यूट्रलला टाका आणि इंजिन शांत होऊ द्या. गाडी आपल्या वेगानं चालली आहे आणि घूंही तसाच आहे, तर आवाज चाकांच्या बाजूचा. इंजिनाबरोबर आवाजही पडला तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा त्यांच्या माउंटिंगचा, आणि मग पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. रेस देताना एक सूर, सोडली की दुसरा, किंवा ठराविक गिअरमध्येच आवाज, असं असेल तर गिअरबॉक्स बघणारा माणूस गाठा. एक मात्र पाळाच: चालत्या गाडीत चावी बंद करायची नाही. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर सुटतो आणि चावी बाहेर आली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर न्यूट्रलच्या भानगडीत न पडता नुसती रेस सोडून बघा.

चालता चालता ब्रेकला नुसता पाय टेकवा. आवाज बदलला किंवा थांबला तर ब्रेकची बाजू बघायची. डिस्कच्या मागं पातळ पत्र्याचं झाकण असतं. ते वाकून डिस्कला लागतं, किंवा मधे बारीक खडा अडकतो. त्याचा आवाज छन-छन किंवा किर्र असा, घूंपेक्षा पातळ असतो. पण लांबून ऐकणारे सगळ्यालाच घूं म्हणतात.

ऐकणाऱ्याला एकदा पुढं, एकदा मागं बसवून बघा, पण त्याच्या उत्तराला फार वजन देऊ नका. आवाज पत्र्यातून पळतो. पुढच्या चाकाचं बेअरिंग मागच्या सीटखाली बोलतं, हे आम्ही नेहमी बघतो.

टायरवरून हात फिरवा

टायर बघायचा नसतो, चाचपायचा असतो. हातमोजा घाला, कारण जास्त झिजलेल्या टायरमधून तार वर आलेली असते आणि ती हात कापते.

आधी आडवा हात फिरवा, गाडीच्या आतल्या बाजूकडून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेनं मऊ आणि दुसऱ्या दिशेनं धार लागत असेल तर टो बिघडलाय. चाकं एकमेकांना समांतर राहिलेली नाहीत. प्रत्येक फेऱ्यात टायर थोडा आडवा घासत चाललाय. स्टिअरिंग सरळ आहे, गाडी ओढत नाही, म्हणून मालकाला वाटतं अलाइनमेंट बरोबर आहे. दोन्ही चाकं सारखीच बिघडली तर गाडी सरळच जाते, टायर मात्र खाते.

मग उभा हात, टायर फिरतो त्या दिशेनं पुढं आणि मागं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड खाली आणि दुसरी वर आलेली लागली, म्हणजे टायर दातेरी झालाय. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत हे मागच्या टायरवर होतं, कारण मागचं चाक नुसतं ओढलं जातं, त्याच्यावर भार कमी असतो आणि मालकानं टायर फिरवून लावलेले नसतात. मागचे टायर झिजत नाहीत म्हणून लोक खूश असतात. ते झिजत नाहीत, पण दातेरी होतात, आणि मागून येणारा घूं बऱ्याचदा हाच असतो.

तिसरा प्रकार खड्ड्यांचा. टायरवर ठराविक अंतरानं खोलगट जागा लागतात. हे शॉकअप गेल्याचं लक्षण, नाहीतर बॅलन्सिंगचं. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर नीट टेकून चालत नाही, उड्या मारत चालतं, आणि जिथं आपटतं तिथं रबर जातं. हंगाम सुरू झाला की ऊसाच्या ट्रॉल्यांनी आपल्या रस्त्यांची काय दशा होते ते वेगळं सांगायला नको. अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीला ओलांडताना गाडी साइडपट्टीवरून उतरते, धाडकन चढते, आणि दोन महिन्यांनी टायर बोलायला लागतो. मधला संबंध कुणाच्या ध्यानात राहत नाही.

संशय टायरवर गेला तर खात्री फुकटात होते. पुढची दोन चाकं मागं आणि मागची पुढं लावा, डावी डावीकडंच, उजवी उजवीकडंच. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायचीच नाही. आता त्याच रस्त्यावर त्याच वेगात जा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायर. काडीचा फरक पडला नाही तर बेअरिंगकडं वळा. पंक्चरच्या दुकानात हे काम अर्ध्या तासाच्या आत होतं आणि त्याचे जे पैसे पडतील ते बेअरिंगच्या मजुरीच्या आसपासही जाणार नाहीत.

एक गोष्ट गिऱ्हाईकांना पटवताना माझा घसा दुखतो. अलाइनमेंट केलं म्हणून आवाज त्याच दिवशी जात नाही. अलाइनमेंटनं पुढचं घासणं थांबतं, घासून गेलेलं रबर परत येत नाही. दातेरी टायर पुढं आणून चालवला तर कधी कधी हळूहळू सपाट होतो आणि आवाज उतरतो, कधी होत नाही. काही छोट्या गाड्यांत मागं एकच आडवा बीम असतो, तिथं मागचं अलाइनमेंट करायला नट-बोल्टच नसतो. मशीननं मागचा टो चुकीचा दाखवला तर बीम वाकलाय किंवा त्याचे रबरी बुश गेलेत एवढाच अर्थ. तिथं “करून देतो” म्हणणाऱ्याला कसं करणार ते आधी विचारा.

टायरचं वयही बघून घ्या. बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं आणि कडक रबर जास्त वाजतं, नक्षी कितीही दिसू दे. नक्षीच्या खाचेत मधे मधे रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटरला टेकली, की तो टायर कायद्यानंही संपला. मग निदान करत बसू नका.

जॅक लावून

सपाट, घट्ट जमीन पाहिजे. ज्या टोकाची चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढं-मागं लाकडाचे ओंडके लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. स्टँड नसेल तर हा भाग गॅरेजमध्ये करून घ्या. विटांचा थर लावणारे मी बघितलेत. वीट सांगून फुटत नाही.

चाक वर आलं की एक हात वर बाराच्या जागी, एक खाली सहाच्या जागी ठेवून आतबाहेर हलवा. खटखट लागली तर साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर ढिलाई बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा कुठला तरी सांधा. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवल्यावरच खटखट असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा, बघायचा.

आता ज्यामुळं सगळ्यात जास्त गाड्या चुकीच्या शेऱ्यानं परत जातात ती गोष्ट. चाक हलत नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं नाही. आतल्या रिंगवर बारीक खड्डे पडले की बेअरिंग घूं करायला लागतं, आणि ढिलाई यायला त्यानंतर बराच काळ जातो. म्हणून हलवून झाल्यावर फिरवून बघायचं. गाडी न्यूट्रलला, पुढचं चाक हातानं जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा, चाकापासून लांब. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंगमध्ये काही जाणवत नाही. खराब असेल तर बोटांना खरखर लागते. कानाला न येणारी खरखरसुद्धा स्प्रिंगमधून बोटांना कळते. मग लगेच दुसऱ्या बाजूचं चाक उचलून तसंच करा. एकट्या चाकावर निकाल देऊ नका, दोन्हींतला फरक बघा. ब्रेक पॅडची हलकी घासण दोन्हीकडं असणार, ती सोडून द्या.

मागची चाकं उचलायची असतील तर हँडब्रेक सोडावा लागतो. तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना ओंडके नीट लावा.

एकच पुढचं चाक उचलून, इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवण्याचा प्रकार घरी करू नका. एक चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफरन्शियलमुळं (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) वरचं चाक मीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगानं फिरतं. गाडी जॅकवरून उडाली तर समोर उभा असलेल्याचं काय होईल ते बघा.

उष्णतेवरूनही थोडं कळतं. फार ब्रेक न लावता दहा-बारा किलोमीटर जाऊन या आणि चारही रिमजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा, डिस्कला हात न लावता. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर बेअरिंगच्या आधी ब्रेक चिकटलाय का ते बघायचं. बहुधा तेच निघतं.

पुराचं पाणी

बेअरिंग खड्ड्यानं जातं, फुटपाथवर चाक आपटल्यानं जातं, बाहेर आलेले रुंद अलॉय लावल्यानं लवकर जातं. बॉडीला वेल्डिंग करताना अर्थची वायर भलत्या जागी लावली आणि करंट बेअरिंगमधून गेला तरी जातं. सांगलीत त्यात पाण्याची भर.

2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै इथं कुणाला सांगावा लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि त्या दोन्ही वेळी पाणी तिच्या बरंच वर गेलं. गाड्या दिवसेंदिवस गाळाच्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी उतरल्यावर लोकांनी सीट धुतले, इंजिन ऑइल बदललं, वायरिंग वाळवलं. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण तो बंद असतो. पण बेअरिंगचं सील रस्त्यावरचे शिंतोडे अडवायला असतं, दोन-चार दिवस पाण्याखाली राहायला नाही. पाणी आत शिरतं, ग्रीस फेसाळून पांढरट होतं, वर गाडी महिनाभर एका जागी उभी राहिली की जिथं गोळी टेकलेली असते तिथंच गंज धरतो. गाडी सुरू झाल्यावर सगळं झकास वाटतं. काही महिन्यांनी गंजाच्या त्या ठिपक्याचा खड्डा होतो आणि घूं सुरू होतो.

तेव्हा नदीकाठच्या भागातली जुनी गाडी घेणार असाल तर इंजिन ऐकताना चाकंही ऐका. गाडी पाण्यात होती असं कळलं आणि एक बेअरिंग वाजायला लागलं, तर बाकीचीही रांगेत आहेत असं धरून पैशांची तयारी ठेवा. एरवी मात्र चारही बेअरिंग एकदम बदलायची काही गरज नसते. जे खराब तेच बदलायचं.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा हबच्या मध्यावर जवळून मारायचा नाही, हेही त्या पोरांना सांगत जा. सील त्यानंही उचलतं.

बदलायचं ठरलं तर

मिस्त्रीला पहिला प्रश्न: प्रेस, म्हणजे बेअरिंग दाबून बसवायचं यंत्र, आहे का? नसेल तर नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, काढून प्रेसवाल्या लेथकडं नेणार का? हातोडीनं ठोकून बसवलेलं बेअरिंग आत जातं, गाडीही सुरू होते, पण ठोकताना गोळ्यांनी रिंगवर खळगे पाडलेले असतात. थोड्याच दिवसांत तोच घूं परत येतो, आणि मग दोष कंपनीच्या मालाला. प्रेसवरसुद्धा नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो. आतल्या रिंगवर दाबलं की सगळा दाब गोळ्यांमधून जातो. ज्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकच असतं आणि बोल्टनं बसतं तिथं ही भानगड नाही, पण पार्ट महाग पडतो.

एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकाची रिंग असते. ती सेन्सरच्या बाजूलाच आली पाहिजे. उलटं बसलं तर आवाज जाईल आणि एबीएसचा दिवा लागेल. मग सगळं पुन्हा उपसायचं. ती रिंग डोळ्यांना साधी दिसते, म्हणून पार्ट लोखंडाच्या किसात टाकून ठेवू देऊ नका.

एक्सलचा मोठा नट शक्यतो नवाच घ्या आणि त्या गाडीला जेवढा टॉर्क (कसायचा जोर) सांगितलाय तेवढाच टॉर्क रेंचनं द्यायला लावा. नट कसायच्या गनचा एक फर्राटा मारून “झालं” म्हणू देऊ नका. तो नट कसायच्या आधी गाडी चाकांवर टेकवून ढकलायचीही नाही, नवं बेअरिंग तिथंच दुखावतं. जुनं बेअरिंग, नव्याचा खोका आणि बिल, तिन्ही घरी आणा. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे आणि खोका हुबेहूब असतो.

शॉकअप आणि नकल जोडणारे बोल्ट सोडले असतील तर कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल, हलला असणार, त्यानंतर अलाइनमेंट तपासायला हवं. यात माझा धंदा आहे हे खरं, पण न करता फिरलात तर पुढच्या वर्षी टायर घेऊन याल. त्यातही माझाच धंदा आहे. शंभर-एक किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा पान्यानं बघा.

तोवर चालवायची का

टायरचा आवाज असेल आणि फुगा, तार, चीर काही नसेल तर घाई नाही. बेअरिंगचा नुसता घूं असेल, ढिलाई नसेल, तर गावातल्या गावात हळू फिरा आणि त्याच आठवड्यात काम काढा. आंबा घाट उतरून कोकणात जायचा बेत असेल तर आधी काम, मग बेत.

घूंची खरखर झाली, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा आवाज यायला लागला, स्टिअरिंगमध्ये थरथर आली, एबीएसचा दिवा लागला, ब्रेक पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्याला वर यायला लागला, किंवा चाक हातानं हलायला लागलं, तर गाडी आहे तिथं उभी करा. अशा वेळी चाक जाम होऊ शकतं, निघूनही येऊ शकतं. “जवळच आहे, हळूहळू आणतो” म्हणू नका. अख्खी गाडी वर चढवून नेणारी टोइंग बोलवा, ते चाक रस्त्यावर फिरता कामा नये.

आणि गॅरेजला येताना “आवाज येतोय” एवढंच सांगू नका, कागदावर लिहून आणा. उदाहरणार्थ: पन्नासला सुरू होतो. रस्ता बदलला तरी तोच. डावीकडं वळलं की वाढतो, उजवीकडं जातो. न्यूट्रलला फरक नाही. टायर पुढं-मागं केले, फरक नाही. गाडी 2021 ला पाण्यात होती. असा कागद हातात आला की मी आधी उजव्या बाजूची दोन्ही चाकं उचलतो आणि पुढच्या चाकाच्या स्प्रिंगवर बोटं ठेवतो.